दादाच्या गोळीचा रेणू

धाकटी विद्यापीठात औषधी रसायनशास्त्र शिकायला गेली, तेव्हा घरात कुणालाच त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. वडील शिंपी, आणि थोरला भाऊ त्यांच्या हाताखाली काजं-बटणं करायचा. दादाला लहानपणापासून फिट यायच्या. गोळी सुरू झाल्यापासून त्या थांबल्या, पण माणूस दिवसभर पेंगायचा, कधी कधी कापडावरच डोकं टेकायचा. वडील त्याला कुंभकर्ण म्हणत, गिऱ्हाइकांसमोरसुद्धा. दादा हसून घ्यायचा.

पहिल्याच परीक्षेत धाकटी नापास झाली. रेणूंच्या आकृत्या तिने घोकून पाठ केल्या होत्या, पण प्रश्न जरा फिरवून आला की तिची दांडी गुल. शिकवणाऱ्या मॅडमनी तिला बोलावलं. त्या रागावल्या नाहीत. घरात कोण कुठलं औषध घेतं एवढंच त्यांनी विचारलं, आणि दादाच्या गोळीचं नाव ऐकून म्हणाल्या, "त्याचाच रेणू घे. तो शरीरात कुठे जातो, काय करतो, बाहेर कधी पडतो, ते शोधून मला सांग."

धाकटी ग्रंथालयात ठाण मांडून बसली. गोळी मेंदूतल्या उधळलेल्या पेशींना शांत करत होती, पण जागं ठेवणाऱ्या पेशींनाही सोडत नव्हती. वर शरीरातून लवकर हलतही नव्हती. रात्री घेतलेली दुसऱ्या दिवशी दुपारीसुद्धा रक्तात असायची. गोळी बंदच करावी का, असं तिने मॅडमना विचारलं. घरच्या घरी गोळीला हातही लावायचा नाही, डॉक्टरांना विचारायचं, असं त्यांनी बजावलं.

संध्याकाळी तिने दुकानात वडिलांना सगळं सांगितलं. ते इस्त्री करत होते. मान वर न करता त्यांनी ऐकून घेतलं.

"म्हणजे तो झोपत नव्हता. गोळी त्याला झोपवत होती."

"हो, बाबा."

दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून ते स्वतः दादाला डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी नवं औषध हळूहळू वाढवत जुनं कमी केलं. मधे एकदा फिट आली आणि सगळ्यांचं धाबं दणाणलं. पण पुढे नवं औषध लागू पडलं. दादा दुपारीही तरतरीत दिसू लागला. वडिलांनी त्याला कापड बेतायला शिकवलं. कुंभकर्ण हे नाव घरातून गेलं.

धाकटी पुढे चांगली पास झाली आणि नवी औषधं घडवणाऱ्या प्रयोगशाळेत लागली. तिथे तिचा पहिला रेणू, कित्येक वर्षांच्या खटपटीनंतर, यकृताला घातक ठरून बाद झाला. त्या दिवशी घरी न जाता ती थेट दुकानातच जाऊन बसली आणि तिने वडिलांना सगळं सांगितलं.

"इतकी वर्षं पाण्यात गेली?" वडिलांनी विचारलं.

"तसंच नाही. आता तो का बाधला ते माहीत आहे. दुसरा करायला घेतलाय."

वडिलांनी मान हलवली, आणि तिला आधी जेवून घ्यायला सांगितलं.