फ्रान्सची माती आणि मोहफुलं

बायकोनं आज परसात मोहफुलं वाळत घातली आहेत. तो उग्र गोड वास आला की मला अजूनही स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

नागझिऱ्याच्या जंगलाजवळच्या एका रिसॉर्टात आम्ही पाच वाइनवेडे आपापल्या लाडक्या बाटल्या घेऊन जमलो होतो. शिराझ द्राक्षाची वाइन थोर की काबर्नेची, यावर दुपारभर असा वाद घातला, जणू द्राक्षं आम्हीच पिकवली होती. माझ्या गावात, दवनीवाड्यात, तर धान पिकतो. तरी मी पेला फिरवला, नाक आत खुपसलं आणि डोळे मिटून म्हणालो, "अहाहा! काय मधाळ गंध! फ्रान्सची माती बोलते आहे." बाकीच्या चार शहाण्यांनीही लगेच हुंगून माना डोलावल्या.

पाणी ठेवायला आलेला गाइड शंकर माझ्याच गावचा. सकाळपासून मी त्याला ओळख दिली नव्हती. तो म्हणाला, "भाऊ, फ्रान्स कायले म्हणता जी? खिडकीच्या मांगं मोहफुलं वाळून राहिली. तुमची माय अन् माझी माय संगंच वेचे ना?"

मी उठून खिडकी लावली. मग पेल्याला कसलाच वास येईना, तरी आम्ही पाचही जण तासभर हुंगत बसलो.