आमची दोघांची नाव

पुणतांब्याच्या घाटावरच्या म्हाताऱ्या नावाड्याने नवी नाव केली, तेव्हापासून त्याची जुनी नाव बाभळीखाली पालथी पडलेली होती. तिच्याखाली कोंबड्या अंडी घालत. एका उन्हाळ्यात माझ्या मित्राने ती उलटी करून पाहिली, बुडाच्या फळीत नख खुपसलं आणि म्हणाला, "मास्तर, हाडं चांगली हायत. कातडं बदलावं लागंल."

मी तेव्हा गावच्या शाळेत शिक्षक होतो. आमचं घर घाटावरच्या भिक्षुकीचं, पण वडील गेल्यावर मी पोथ्या बांधून ठेवल्या आणि मास्तरकी धरली. मित्र शेतकऱ्याचा, चार भावांत धाकटा. चौथीपर्यंत आम्ही एका पाटावर बसलो. पुढे तो नांगरामागे गेला, पण संध्याकाळी नदीवर भेटायचं कधी चुकलं नाही. आदल्या वर्षीच्या पौषात गावोगाव ब्राह्मणांची घरं पेटत होती, तेव्हा तो आमच्या दारात घोंगडी टाकून तीन दिवस बसून होता. हातात काठी होती, पण उगारावी लागली नाही. लोक यायचे, त्याला बघायचे आणि परत जायचे. त्याचे आभार मी कधी मानले नाहीत. आमच्यात तशी रीतच नव्हती.

त्याच वर्षी पलीकडच्या काठावरचं निजामाचं राज्य गेलं. तोवर नदीच्या मधोमध सरहद्द होती. ती उठल्यावर तालुक्यातल्या व्यायामशाळेच्या मंडळींनी होड्यांची शर्यत ठरवली. गौरी गेल्या की पुणतांब्याहून निघायचं आणि तीन दिवसांनी प्रवरासंगमावर पोचायचं. प्रत्येक नावेत दोन माणसं. वारा असेल तेव्हा शीड, नसेल तेव्हा वल्ही. शिधा आपला आपण न्यायचा. आम्ही दोघांनी नावं घातली तेव्हा गावात सगळे हसले. नावाडी मात्र हसला नाही. तो म्हणाला, "जुनी नाव घेऊन जा. नुसती मरून पडलीया."

वैशाखात शाळेला सुटी होती. नदीचं पात्र उघडं पडलं होतं. मी पहाटे निघायचो आणि पात्रातूनच चालत खाली जायचो. कुठे खडक आहे, कुठे डोह आहे, कुठे धार दुभंगते, हे पाहून वहीत नकाशा काढायचो. पावसाळ्यात हे सगळं पाण्याखाली जाणार आणि तेव्हा हा नकाशाच आमचे डोळे होणार होता. रात्र पडली की कुठल्यातरी देवळात पथारी टाकायची. असं करत मी थेट संगमापर्यंत जाऊन आलो. परतल्यावर सुवाच्य अक्षरात त्याची दुसरी प्रत काढली आणि मित्राला दिली. त्याने ती टोपीत ठेवली. पुढे औत हाकताना तो त्या खुणा तोंडाने घोकायचा, असं त्याच्या भावाने मला सांगितलं.

नावेचं काम तीन महिने चाललं. बुडाच्या कुजलेल्या फळ्या काढून आंब्याच्या बसवल्या. गोणपाटाचे धागे डांबरात भिजवून फटींत ठोकले. मग नाव घाटाजवळच्या पाण्यात दगड भरून बुडवून ठेवली, कारण लाकूड फुगल्याशिवाय सांधे मिटत नाहीत. हे नावाड्याने शिकवलं. मला वाटलं होतं की आमची मेहनत पाण्यात गेली. आठ दिवसांनी ती वर काढली तेव्हा बुडातून एक थेंब झिरपत नव्हता.

शिडाच्या कापडाची पंचाईत होती. कापड तेव्हा रेशनवर मिळायचं. नगरला लष्कराचे जुने तंबू विकायला निघाल्याचं कळलं, तेव्हा मित्र रेल्वेने गेला आणि एक फाटका तंबू डोक्यावर घेऊन आला. माझ्या बायकोने तो उसवला, चांगले तुकडे निवडले आणि ओसरीवर बसून शीड शिवलं. दाभणाने तिची बोटं सोलवटली. मित्र रोज येऊन शिवण ओढून बघायचा. "वहिनी, ह्ये वाऱ्याला न्हाई फाटायचं," म्हणायचा. ती त्याला ताक द्यायची.

आषाढात नदीला पाणी आलं. शाळा सुटली की आम्ही नाव काढायचो. तो पुढे, मी मागे. पहिले पंधरा दिवस माझं वल्हं त्याच्या वल्ह्यावर आदळायचं. हाताला फोड आले, ते फुटले, खडू धरवेना. तो म्हणायचा, "माझ्या पाठीकडं बघ. पाठ वाकली की तू वाक." श्रावण संपेतो मला त्याच्या पाठीचा प्रत्येक स्नायू पाठ झाला होता. कधी कधी आम्ही तासभर एक शब्द न बोलता वल्हवत असू. इतक्या सुखाचे दिवस माझ्या आयुष्यात फार आले नाहीत.

शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी आम्ही नावेला शेवटचा डांबराचा हात दिला. एकाच डब्यात दोघांच्या चिंध्या बुडत होत्या. त्याच्या कपाळाला काळा डाग लागला, तो मी पुसला. निघताना तो म्हणाला, "सकाळी लवकर ये." मी म्हणालो, "तूच ये लवकर. तुझी झोप मोठी."

सकाळी मी शीड खांद्यावर टाकून घाटावर आलो तेव्हा चार नावा पाण्यात होत्या आणि आमची काठावर. चौथी नाव जवळच्या साखर कारखान्याची होती. ती नाशकाहून नवी कोरी आणलेली होती, हलकी आणि हिरव्या रंगाची. तिच्यात मागे कारखान्याचा एक तरणा ओव्हरसियर बसला होता आणि पुढे माझा मित्र.

मला आधी वाटलं, तो नुसता नाव बघायला चढला आहे. मी हात केला. त्याने हात केला नाही. तो वल्ह्याची दोरी बघत राहिला. मग मी जवळ गेलो आणि पुढच्या फळीवर चार खिळ्यांनी ठोकलेला कागद मला दिसला. अक्षर माझं होतं.

मी विचारलं, "हे काय?"

तो म्हणाला, "कारखान्यानं नोकरीवर घेतलंय मला. पक्कं." एवढंच. पुन्हा त्याने दोरीत मान घातली.

घाटावर निम्मं गाव जमलं होतं. मी वळलो तेव्हा लोकांनी नजरा बाजूला केल्या, आणि त्यांच्यापैकी कुणालाच हे नवं नव्हतं हे मला त्या क्षणी कळलं. मी नावाड्याजवळ गेलो. "बाबा, तुम्हाला माहीत होतं?"

"व्हय."

"मग बोलला का नाहीत?"

"म्या काय बोलायचं? त्यानं बोलायचं हुतं."

बायको दशम्यांचं गाठोडं घेऊन पायऱ्यांवर उभी होती. तिचा चेहरा पाहिला आणि तिलाही विचारायचं कारण उरलं नाही. तरी मी विचारलं. ती हळू आवाजात म्हणाली, "त्यांची बायको धुणं धुताना बोलली होती. आठ दिवस झाले. तुम्ही इतके आनंदात होतात. मला वाटलं, ते स्वतःच सांगतील."

आठ दिवस. त्या आठ दिवसांत तिने शिडाची शेवटची पट्टी शिवली होती, त्याला ताक दिलं होतं. मित्राचा घाव एका जागी बसला होता. हा दुसरा कुठे बसला ते मला कळेना. मी गाठोडं घेतलं आणि तिच्याशी न बोलता खाली उतरलो. घरी परत जायचं नाही एवढंच डोक्यात होतं.

नावाडी न विचारता नावेत चढला आणि पुढे बसला. साठी उलटलेला माणूस. "चल," म्हणाला.

त्या दिवशी पश्चिमेचा वारा भरपूर होता. शीड फुगलं, एक टाका सुटला नाही. माझ्यापुढे आता दुसरीच पाठ होती, सुरकुतलेली. तिच्या तालाशी माझा ताल जुळत नव्हता. हिरवी नाव सारखी पुढे दिसत होती. ती प्रत्येक वळण बरोबर घेत होती, माझ्या नकाशातल्यासारखं.

संध्याकाळी सगळ्या नावा एका बेटाजवळच्या वाळूला लागल्या. आम्ही चूल मांडत होतो. पलीकडच्या काठचा एक म्हसरं वळणारा आमच्यापाशी तंबाखू मागायला आला. बोलता बोलता म्हणाला, "उद्या दोन काळ्या खडकांपाशी डावीकडनं जावा. अवंदाच्या पुरात उजवीकडं अख्खी बाभळ येऊन अडकलीया. वरून दिसत न्हाई."

माझ्या नकाशात तिथे लिहिलं होतं, उजवीकडून जाणे.

म्हसरंवाला गेल्यावर नावाडी म्हणाला, "त्याला सांगून ये."

हिरवी नाव हाकेच्या अंतरावर होती. मित्र चुलीपुढे उकिडवा बसून फुंकर घालत होता. मी म्हणालो, "सकाळी सांगतो."

सकाळी ते आमच्याआधी निघाले. ते निघत होते तेव्हा मी शिडाची गाठ सोडून पुन्हा बांधत होतो. ती गाठ मुळात नीटच होती.

काळे खडक दिसू लागले तेव्हा आम्ही मित्राच्या नावेच्या बरेच जवळ आलो होतो. हिरव्या नावेने उजवीकडे तोंड वळवलं. मी वल्हं उचलून धरलं आणि तसंच धरून ठेवलं. नावाडी वळून बसला. तो नदीकडे पाहत नव्हता, माझ्याकडे पाहत होता. मग मी ओरडलो, "डावीकडे घे. उजवीकडे झाड आहे."

मित्राने मागे पाहिलं. माझा चेहरा त्याला चांगला दिसला असणार, इतकं अंतर कमी होतं. तो ओव्हरसियरला काहीतरी बोलला आणि दोघं आणखी जोराने उजवीकडे वल्हवू लागले.

नाव बाभळीवर चढली, आडवी झाली आणि धारेने खडकावर आपटली. आपटताना तिला अडवायला मित्राने हात मध्ये घातला. आम्ही शीड पाडलं, दोर फेकला. ओव्हरसियरला पोहता येत नव्हतं. त्याला नावाड्याने शर्टाला धरून ओढून घेतलं. मित्राला मी घेतलं. त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं चेंगरली होती. मी माझं उपरणं फाडून हात बांधला. गाठ बसल्यावर तो म्हणाला, "तू खरंच सांगत हुतास व्हय? मला वाटलं..."

मला फसवल्यावर मी त्याला फसवीन, हे त्याने धरूनच चाललं होतं. त्याचा हिशेब अगदीच चूक होता असं मला म्हणता येईना, आणि त्याने मी जास्तच संतापलो.

पुढच्या गावात त्याला बैलगाडीत घालून दवाखान्यात पाठवलं. ओव्हरसियर त्याच्याबरोबर गेला. आम्ही दोघं तिसऱ्या दिवशी संगमावर पोचलो, सगळ्यांत शेवटी. तोवर बक्षिसं वाटून झाली होती. तरी मंडळींनी नारळ दिला आणि पोचलेल्यांची नावं वाचली. वहीत आमच्या नावेपुढे माझं आणि मित्राचं नाव होतं, कुणी खोडलं नव्हतं. दोन्ही मोठ्याने वाचली गेली. नावाडी माझ्याशेजारी उभा होता. लोकांनी त्यालाच माझा मित्र समजून हार घातला.

घरी आल्यावर बायकोशी मी महिनाभर कामापुरतं बोललो. तिने ते सोसलं. एक दिवस पान वाढता वाढता ती म्हणाली, "तुम्हाला त्यांच्यावर रागावता येत नाही म्हणून माझ्यावर रागावता." ते खरं होतं. पौषातले ते तीन दिवस मध्ये आडवे येत होते. ज्याने आपलं दार राखलं, त्याला तोंडावर दगाबाज कसं म्हणायचं?

दसऱ्यानंतर तो बाजारात भेटला. बोटं गेली होती. कारखान्याने त्याला कामावर घेतलं होतं, फाटकावर. मी म्हणालो, "बरं झालं, नोकरी मिळाली."

तो म्हणाला, "तुला आधी सांगितलं असतं, तर तू जा म्हनला असतास. आन मग मला जाता आलं नसतं. म्हनून न्हाई सांगितलं."

"शेवटच्या संध्याकाळी डांबर लावायला कशाला आलास?"

"नाव माझीबी हुती की," तो म्हणाला.

त्याच्या हातातली पिशवी मी घेतली आणि आम्ही वेशीपर्यंत बरोबर चाललो. पुढे आम्ही बोलत राहिलो, एकमेकांच्या लग्नकार्यांना गेलो, नदीवर मात्र एकत्र गेलो नाही. म्हातारपणी तो आपल्या नातवंडांना सांगायचा की मास्तरानं माझा जीव वाचवला, मी त्याचं ऐकलं नाही म्हणून बोटं गेली. पोरं माझ्याकडे आदराने बघायची. मी चहा पीत बसायचो आणि काहीच बोलायचो नाही.