फ्लायव्हीलचे सहा बोल्ट आणि वामनशेटचा काटा

टण्!

बस, एवढाच आवाज. देवघरातली लहान घंटा कुणी एकदाच वाजवून ठेवावी तसा. कित्येक वर्षं झाली, पण अजून घरात भांडं पडलं की माझा उजवा हात आपोआप मागे येतो. हसा, हसा. तुमच्या हातून तसा आवाज झालेला नाही ना!

सांगतो. मी हळू बोलतो, तेव्हा चहा आधी पिऊन घ्या. आणि ही माझ्या शहाणपणाची गोष्ट आहे, तेव्हा मध्येच ‘असं कसं केलंत हो?’ असं विचारायचं नाही. ते सगळं ठाणं विचारून दमलंय.

इंग्रज जाऊन चार-पाच वर्षं झाली असतील. नौपाड्यात माझं गॅरेज होतं. गॅरेज म्हणजे चार खांब, वर पत्रे, खाली खड्डा आणि मागे आमची राहायची खोली. शाळेत मी तिसरीपर्यंत गेलेलो. पुढे मास्तरांचं आणि माझं एकमत झालं की दोघांनीही जास्त त्रास घेऊ नये.

तर आमच्याच गल्लीतल्या एका डॉक्टरांची काळी विलायती गाडी माझ्याकडे आली. इंजिनातून ठोके येत होते. इंजिनाच्या पाठीला एक जड लोखंडी चाक असतं, त्याला फ्लायव्हील म्हणतात. सहा बोल्टांनी ते घट्ट धरलेलं असतं. बोल्ट सैल झाले की चाक ठोकायला लागतं, फारच सैल झाले तर स्वतंत्र होतं. देश नुकताच स्वतंत्र झाला होता, पण चाकाला ती सवलत नव्हती.

जुने बोल्ट पार झिजलेले. कंपनीचे मागवले तर आगबोटीने येणार. डॉक्टरांचे पेशंट तोवर दम धरतील याची खात्री खुद्द डॉक्टरांना नव्हती. मी म्हटलं, “आमचा हिराजी करून देईल.”

हिराजी माझा दोस्त. कोलशेतचा कोळी. लढाईच्या दिवसांत लष्कराच्या वर्कशॉपात लेथ, म्हणजे लोखंड कातायचं यंत्र, चालवायला शिकला आणि होडी-जाळं भावाच्या हवाली करून टर्नर झाला. गावात त्याची रोज थट्टा. मासळी सोडून लोखंड पकडतोय म्हणे! लेथ होता, पण काम बेताचं. अशात कल्याणचे रघुशेट त्याला भेटले. त्यांचे गवत वाहणारे नऊ ट्रक. ते म्हणाले, “डॉक्टरांच्या गाडीला तुझे बोल्ट बसताना मी स्वतः बघायला येतो. टिकले, तर माझ्या सगळ्या ट्रकांचं काम तुझं.”

म्हणजे बघा, हिराजीचं सगळं नशीब सहा बोल्टांवर. आणि ते बोल्ट कुणाच्या हातात? माझ्या!

बोल्ट काय सुरेख केले होते त्याने! तेलाच्या फडक्यात गुंडाळून आणले, जणू सोनाराकडूनच आणलेत. रघुशेट स्टुलावर बसले. डॉक्टर गाडीबरोबर आलेलं इंग्रजी पुस्तक घेऊन उभे.

“गणपतराव,” डॉक्टर म्हणाले, “यात स्पष्ट लिहिलंय. एक फूट लांबीच्या पान्याला चाळीस पौंडांचा ओढा. तुम्ही मोजता कसं?”

खरं सांगायचं तर मी मोजत नव्हतो. मनगट ‘बस’ म्हणालं की थांबायचं, एवढंच माझं शास्त्र. पण चार माणसांत असं अडाणी उत्तर कसं द्यायचं?

“काट्याने,” मी म्हणालो.

आता काटा आणणं आलं. पलीकडच्या गल्लीत वामनशेट भंगारवाल्याचं दुकान. त्याच्याकडे टांगायचा स्प्रिंगचा काटा होता. खाली अडकवायचा लोखंडी आकडा, वर पितळी तबकडी, तिच्यावर इंग्रजी अंक. मी तो उचलून आणला.

“काटा कशाला रं, गनपत?” हिराजीने विचारलं. “हात हाय ना तुजा!”

“हिराजी, जमाना बदलला. आता शास्त्राने काम करायचं.”

“तुला शास्त्र कवा आलं?”

“आत्ताच.”

रघुशेट खो खो हसले. मलाही बरं वाटलं. माणूस बुडण्यापूर्वी पाणी कसं छान गार लागतं!

पान्याच्या टोकाला काट्याचा आकडा अडकवला आणि ओढू लागलो. डॉक्टर अंक वाचत होते.

“वीस... पंचवीस... अठ्ठावीस...”

अठ्ठावीसला माझं मनगट म्हणालं, बस. मी थांबलो.

“अहो, अजून बारा राहिले!” डॉक्टर ओरडले.

मी मनगटाला म्हटलं, तू गप. तू तिसरीपर्यंत शिकलेलं, समोर पुस्तक आहे. आणि ओढलं.

“चौतीस... सदतीस... अडतीस...”

टण्!

बोल्टचं डोकं उडून थेट रघुशेटच्या पायाशी. मी दुसरा बोल्ट घेतला. टण्! तिसरा घेतला. टण्! तुम्ही म्हणाल, एक तुटल्यावर थांबायचं की नाही? अहो, एक तुटला तर लोक मला दोष देतील. तीन तुटले म्हणजे माल खराब! एवढी अक्कल मला होती.

“लोखंड कच्चं आहे,” मी जाहीर केलं.

“तू जास्त ओढलंस, गनपत,” हिराजी हळूच म्हणाला.

“मी ओढलं? काटा समोर आहे! काटा खोटं बोलतो काय?”

रघुशेट उठले. “बरं झालं, आधीच बघितलं,” असं म्हणून निघून गेले. हिराजी खाली बसून बोल्टांची डोकी फडक्यात गोळा करत राहिला.

संध्याकाळपर्यंत नौपाड्यात बातमी झाली की हिराजी विळे वितळवून बोल्ट करतो. ठाणे स्टेशनपर्यंत जाताना ते होडीचे खिळे झाले. डोंबिवलीला पोचेपर्यंत रॉकेलच्या डब्याचा पत्रा. कल्याणला काय झालं असेल ते मी विचारलंच नाही. चार गॅरेजवाल्यांनी त्याला दिलेलं काम परत नेलं. आणि मी? मी ज्याला त्याला सांगत होतो, “दोस्त असला म्हणून काय झालं? कामात मी कुणाची भीड धरत नाही.” काय माझा बाणेदारपणा!

भोकांत अडकलेले तुकडे काढायला दोन दिवस लागले. ते नाजूक काम. कुणी केलं? हिराजीनेच. तिसऱ्या दिवशी नवे सहा बोल्ट घेऊन आला. ट्रकच्या चाकांच्या तुटक्या ॲक्सलमधून कातून काढलेले.

“यापरीस चांगलं लोखंड ठाण्यात नाय,” तो म्हणाला. “हे बी तुटले, तर लेथ इकतो आनि भावाच्या होडीवर जातो.”

डॉक्टर पुन्हा पुस्तक घेऊन उभे. मी पुन्हा काटा अडकवला. ॲक्सलचं लोखंड ते, चांगलं तग धरून होतं. मला घाम फुटला. “छत्तीस... अडतीस... एकोणचाळीस...”

टण्!

हिराजी खाली बसला. डोक्यावरची टोपी काढून त्याने गुडघ्यावर ठेवली. तेवढ्यात आमची मंडळी चहा घेऊन आली. तिने काट्याकडे पाहिलं.

“अहो, हा वामनशेटचा काटा ना?”

“हो. मग?”

“ज्याच्यावरून तुम्ही दर महिन्याला त्याच्याशी भांडता, तोच?”

काय सांगू! माझ्या डोक्यात झालेला तो आवाज टण्‌पेक्षा मोठा होता, फक्त मलाच ऐकू आला.

वामनशेट भंगार विकत घेताना हाच काटा वापरायचा. वजन खऱ्यापेक्षा कमी दाखवायचा. दर महिन्याला मी गॅरेजचं भंगार घेऊन जायचो आणि भर गल्लीत उभा राहून ओरडायचो, “हा काटा लोखंड खातो!” ते ऐकायला बायका गॅलरीत यायच्या. सगळ्या नौपाड्याला काट्याचा हा गुण मीच शिकवला होता. भंगार विकताना काटा चोर. बोल्ट कसायला आणला की इंग्रजी अंकांमुळे साहेब!

डॉक्टर माणूस शास्त्राचा. त्यांनी माझी लहान ऐरण दवाखान्यात नेली आणि पेशंटांच्या वजनकाट्यावर ठेवली. छप्पन्न पौंड. परत आणून वामनशेटच्या काट्याला टांगली. चाळीस. बरोबर चाळीस!

“म्हणजे हा चाळीस म्हणतो तेव्हा तुम्ही छप्पन्न ओढता,” डॉक्टर पुस्तक मिटत म्हणाले. “गणपतराव, बोल्टच काय, माणूस तुटेल.”

माणूस तिथेच, जमिनीवर, टोपी गुडघ्यावर ठेवून बसला होता.

हिराजीने पुन्हा तो तुकडा काढला आणि तुटलेल्या बोल्टच्या जागी एक नवा करून आणला. सगळे सहा मी हाताने कसले. गाडी अशी गुपचूप चालू लागली की डॉक्टरांना इंजिन चालू आहे की नाही ते उतरून बघावं लागे.

पण रघुशेटचं काय? मीच म्हणालो, “हिराजी, चल कल्याणला. मी सांगतो त्यांना.” तो आला. वाटभर बाहेर बघत राहिला.

रघुशेट ओट्यावर बसले होते. समोर ट्रकमध्ये गवताच्या गाठी चढत होत्या. मी सगळी हकीकत सांगितली. सावकाश, डॉक्टरांच्या पुस्तकापासून. त्यांनी ती ऐकली आणि मोजके प्रश्न विचारले.

“म्हणजे बोल्ट चांगले होते?”

“उत्तम, शेट.”

“काटा खोटा होता?”

“पक्का खोटा.”

“आणि ते तुला आधीपासून ठाऊक होतं?”

“...हो.”

“इतकी वर्षं हाताने कसतोस. किती तुटले?”

“एकसुद्धा नाही.”

“मग काटा कशाला आणलास, बाबा?”

“डॉक्टर बघत होते,” मी म्हणालो. “तुम्ही बघत होतात.”

रघुशेट पोट धरून हसले. हसून झाल्यावर हिराजीला म्हणाले, “नऊच्या नऊ ट्रकांचे बोल्ट तुझे. उद्यापासून.”

हिराजीच्या डोळ्यांत पाणी आलं. इथेच मी हात जोडून घरी जायला हवं होतं की नाही? शहाणा माणूस गेला असता. मी पुढे सरकलो.

“शेट, बोल्ट कसायलाही माणूस लागेलच ना?”

“लागेल की. पण ते मी नाही सांगणार. बोल्ट हिराजीचे, तेव्हा ते कुणी कसायचे तेही हिराजीच सांगेल. काय रे हिराजी?”

मी हिराजीकडे पाहून हसलो. इतक्या वर्षांची दोस्ती त्या हसण्यात घातली. “आता काटाबिटा काही नाही हं,” मी म्हणालो आणि उजवा हात पसरून त्याच्यापुढे धरला.

हिराजीने तो हात नीट बघितला. मग माझ्या तोंडाकडे बघितलं. मग वाकून चपला घातल्या, टोपी सारखी केली आणि ओट्याच्या पायऱ्या उतरून एकटाच स्टेशनच्या वाटेने चालू लागला.