पुरवणीतली भोकं

“माझे आजोबा निरक्षर आहेत.”

हे पहिलंच वाक्य. माझी नात वैष्णवी दुकानातल्या बाकावर बसून वाचत होती आणि ते ऐकून मी मशीन थांबवली. पॅन्टची शिलाई अर्धी राहिली.

“कोण निरक्षर?” मी विचारलं.

“तुम्ही, आबाजी. म्हणजे निबंधात.”

मी चौथी पास आहे. अक्षर जोडून जोडून वाचतो, पण वाचतो. सोनाळ्यात चाळीस वर्षं टेलरिंग केलं, गिऱ्हाइकाचं माप स्वतःच्या हातानं लिहून घेतलं. आणि माझ्याच दुकानात, माझ्याच बाकावर मी निरक्षर?

आधी दुकानाचा नियम सांगतो, म्हणजे राग का आला ते समजेल. शिवणाऱ्याचे डोळे सुईवर गुंतलेले असतात, कान मात्र मोकळे असतात. म्हणून ज्याचं काम मशीनवर, त्यानं तोवर बाकावर बसून मोठ्यानं वाचायचं. पेपर म्हणा, रविवारच्या पुरवणीतली गोष्ट म्हणा, काहीही. वाचता येत नसेल तर त्यानं पंखा चालू ठेवून गप्प बसायचं. वैष्णवी दुसरीत गेली तशी शाळा सुटल्यावर रोज येऊन वाचायची. गिऱ्हाइकं तिच्याकडून ऐकायला रेंगाळायची. त्याच पोरीच्या निबंधात होतं की घरात वाचायला कागद नव्हता, ती रस्त्याच्या दिव्याखाली वाचायची आणि आजोबा पुस्तकं हिसकावून घ्यायचे.

बारावी झाल्यावर तिला पुण्याच्या एका कॉलेजात जायचं होतं. तिथं मार्कांबरोबर निबंधही मागतात. विषय होता वाचनाची आवड. निबंध चांगला असला तर मुलाखतीला बोलावतात, नाहीतर तिथंच संपलं. मुदत संपायला आठवडा होता. हा निबंध शेगावच्या एका क्लासच्या सरांनी तिला इंग्रजीत तयार करून दिला होता. ती एक ओळ इंग्रजीत वाचायची आणि मग मला मराठीत सांगायची.

मी म्हटलं, फोन लाव त्या सरले. तिनं नको नको म्हणत लावला आणि स्पीकरवर टाकला.

“सर, मी वैष्णवीचा आजोबा. तुम्ही मले पाह्यलं काय कधी?”

“नाही हो आजोबा. पण असंच लागतं तिथं. सिलेक्शन कमिटीला स्ट्रगल पाहिजे.”

“मंग तुमच्या आजोबाचा लिहा.”

“आजोबा, माझे आजोबा तहसीलदार होते.”

एवढं बोलून ते हसले. मी फोन ठेवायला लावला.

मग मी तो छापलेला निबंध घेतला, कटिंगच्या टेबलावर पसरला आणि त्याची कॉलर कापली. कापडाला कात्री लावण्याआधी आम्ही कागदावर तो भाग कापून घेतो, त्याला फर्मा म्हणतात. कॉलरचा, बाहीचा, मुंढ्याचा, म्हणजे बाही जिथं जोडतात त्या गोलाईचा. माझे सगळे फर्मे पेपरचे. सरांचा कागद मात्र जाड होता, कॉलर छान निघाली.

वैष्णवी रडली नाही. ती माझ्यासारखीच आहे, राग आला की डोळे बारीक करते.

“मंग तुम्हीच सांगा, काय लिहू?”

मी सांगितलं. माझ्या आजोबांच्या दुकानात गाव वाचायला शिकलं असं लिही. आजोबांमुळे मला वाचनाची गोडी लागली असं लिही.

“तेही त्याच सरासारखं झालं, आबाजी. फक्त माप तुमचं.”

यावर मी तिला दुकानाबाहेर काढलं. दोन दिवस ती आली नाही. मी पण बोलावलं नाही. बाकावर बसून गिऱ्हाइकं वाचायची, पण एकाचंही वाचणं धड नव्हतं. प्रत्येकाला मी दोनदा टोकलं.

बाजाराच्या दिवशी ती वही घेऊन आली. तेव्हा बाकावर तुळशीराम बसला होता. तुळशीराम म्हणजे माझा लहानपणापासूनचा दोस्त, वांगी-मिरची लावतो आणि बाजारातून परतताना बसतो. एका गोष्टीवरून आमचं मोठं भांडण झालेलं आहे. पुरवणीत एका सुनेची गोष्ट आली होती. सून घर सोडून जाते. माझं म्हणणं होतं की शेवटी ती परत येते आणि सासऱ्याला सगळ्यांदेखत चार शब्द सुनावते. तुळशीराम म्हणाला, येत नाही बे, तीच पुरवणी मी ग्रामपंचायतीत वाचली. मी म्हटलं, माझ्या नातीनं मला वाचून दाखवलं, तू तिला खोटं पाडतो? गोष्ट इतकी वाढली की त्यानं पुढचा पायजमा संग्रामपुरातून शिवून आणला आणि तो घालून माझ्या दुकानासमोरून गेला. शिलाई तिरपी होती. तीन पेरण्या आम्ही बोललो नाही.

वैष्णवी म्हणाली, आबाजी, तुमच्याच नियमानं वाचते. आणि तिनं सुरुवात केली.

निबंधात माझं दुकान होतं, बाक होता. पण मी मोठा माणूस वगैरे काही नव्हतं. त्यात पुरवण्या होत्या. त्यांतून मी आदल्या दिवशी फर्मे कापलेले असायचे. कुठं गोष्टीच्या मधोमध गळा गेलेला, कुठं बाही. “शेवटाला मुंढ्याएवढं भोक असायचं,” तिनं वाचलं, “आणि आजोबा मशीन चालवत म्हणायचे, थांबू नको. कागद आजोबांनीच कापलेला होता, मी थांबले असते तर ते कोणावर रागावले असते? म्हणून भोकाच्या जागी मी माझ्याच मनानं वाचायचे. पुढं जिथं जिथं पूर्ण पुस्तक मिळालं, तिथं मी आधी शेवट वाचला. माझा शेवट बरोबर होता का ते पाहायला.”

मशीन केव्हा थांबली ते मला कळलं नाही. पुढं आमच्या भांडणाचंही होतं, तुळशीरामच्या नावासकट.

तुळशीरामनं टोपी काढली, मांडीवर ठेवली आणि अगदी सावकाश विचारलं, “पोरी, मंग त्या सुनेचं काय झालं होतं?”

“त्या पानावर गळा कापला होता, तुळशीरामबाबा. मी पाचवीत होते. मले वाटलं, तिनं यावं.”

तो हसला असता तर मी त्याला दुकानातून काढून दिलं असतं. पण तो हसला नाही. माझ्याकडं पाहत बसला. ते जास्त वाईट.

“इतकी वर्षं मले बनवलं?” मी तिला म्हटलं. “मी याच्यासंग भांडलो. तुह्या भरवशावर.”

“तुम्हीच म्हणत होते, थांबू नको.”

मी कात्री जागेवर ठेवली. संतापात कापड खराब झालं असतं. माझी लाज निघाली होती, ती पण तुळशीरामसमोर, आणि आता पुण्यापर्यंत जाणार होती. पण चाळीस वर्षं ट्रायल घेतो आहे. ट्रायल म्हणजे कच्चा टाका घालून कपडा अंगावर चढवून पाहणं. कुठं ताणतो, कुठं झोळ पडतो, ते लगेच दिसतं. सरांचा निबंध वाचताना ती दर ओळीला अडखळत होती. हा वाचताना एकदाही अडखळली नाही.

“पाठवू काय?” तिनं विचारलं. “तुम्ही नाही म्हटलं तर नाही पाठवत.”

आता नाही म्हणणं माझ्या हातात होतं, आणि मनातही तेच होतं. मुदत दोन दिवसांवर आली होती, दुसरा निबंध व्हायचा नव्हता.

“पाठव,” मी म्हटलं. “पण तुळशीरामचं नाव काढ त्याच्यातून.”

“काऊन काढते?” तुळशीराम म्हणाला. “राहू दे, पोरी. आयुष्यात एकदा तरी कोणी लिहून दिलं का मी बरोबर होतो.”

तिनं नाव ठेवलं. मुलाखत झाली, निवडही झाली, आता ती पुण्यात आहे. शेगावात क्लासच्या दारावर सरांनी तिचा मोठा फोटो लावला आहे. आमच्या मार्गदर्शनाचं यश, असं खाली लिहिलं आहे. मी जाऊन उभा राहून वाचलं, अक्षर जोडून जोडून. सर आत होते, बाहेर आले नाहीत. फोटोत तिच्या अंगावर मी शिवलेला ड्रेस आहे. त्याची कॉलर त्यांच्याच निबंधावरून कापलेली आहे, हे त्यांना मी मुद्दाम आत जाऊन सांगितलं.

तुळशीराम दर बाजाराला येतो, पायजमा माझ्याकडंच टाकतो आणि ती सून परत आली का म्हणून विचारतो. मी मशीन चालू करतो. टेलरिंगमध्ये नवीन पडणाऱ्यांना मात्र एक सांगतो. फर्मा कापायच्या आधी कागदाचा शेवट वाचून घ्यावा, आणि तो स्वतः वाचावा.