पाठमोरी बाई

लताला कोड उठलं ते आधी ओठाच्या कोपऱ्यात, मग बोटांवर. डॉक्टर म्हणाले, ह्याची लागण होत नाही, दुखत नाही, खुपत नाही. बापानं, म्हणजे श्यामराव ढोबळ्यांनी, मान हलवली आणि घरी येऊन पहिलं काम केलं ते तिचं कॉलेज बंद करण्याचं. श्यामराव रेल्वेच्या मालधक्क्यावर बाबू, मूळचे पुलगावचे. रायपुरात पंडरीच्या कापडबाजारामागं त्यांनी घर बांधलं होतं. घराला मागच्या बाजूला एक खोली होती. फाटकाची कडी वाजली की लता उठून त्या खोलीत जायची. जा म्हणून कोणाला सांगावं लागत नसे.

तिथं ती भरतकाम करायची. मॅटीच्या कापडावर फुलीचा टाका. हंस, मोर, टोपलीतलं मांजर, सदर बाजारात छापील नमुने मिळतात तेच. हात इतका सवयीचा झाला होता की मोर भरताना ती मोराकडं पाहतही नसे.

रायपूर नव्या राज्याची राजधानी झालं आणि धाकट्या भावाचं, सुशीलचं नशीब उघडलं. रोज नवं ऑफिस, रोज नवा साहेब. सुशीलनं शंकर नगरात कम्प्युटरचं दुकान टाकलं. दिल्लीहून जुन्या मशिनी आणायच्या, झाडूनपुसून विकायच्या. दुकानात जागा नसली की माल मागच्या खोलीत. ताईला विरंगुळा म्हणून त्यातलाच एक कम्प्युटर त्यानं चालू करून दिला. आतलं आधीच्या मालकाचं सामान कोणी काढलंच नव्हतं. त्यात जपानी खेळ निघाले, सुशील चड्डीत फिरत होता त्या काळातले. गोळीबार नाही, गाडी पळवणं नाही. एक चित्र यायचं, खाली जपानी अक्षरांच्या ओळी, बाजूला शब्दांची उभी यादी. एखादा शब्द निवडला की पुढचं चित्र, नाहीतर पुढची ओळ.

सुशील कंटाळला. "दीदी, ये सब उडा दूँ क्या? समझता तो कुछ है नहीं."

"राहू दे," लता म्हणाली. "मले चित्रं पाहाची आहेत."

अक्षर कळत नव्हतं, म्हणून ती शब्द क्रमानं निवडत जायची. एक माणूस समुद्राकाठच्या गावात कोणाला तरी शोधत होता, एवढं तिला उमगलं. ओलं स्टेशन, बंद दुकानं, खानावळीतला एकटा दिवा. एकदा तिनं पडद्याला नाक लावलं आणि पाहातच राहिली. संध्याकाळचा जांभळा रंग मुळात तिथं नव्हताच. मॅटीवर असतात तशी बारीक चौकोनी घरं, एक घर गुलाबी, एक घर निळं, पुन्हा गुलाबी, पुन्हा निळं. मागं सरकलं की जांभळं. मूठभर रंग घेऊन कोणीतरी जपानात बसून हे घर-घर भरलं होतं. फुलीचा टाकाच की हा. कोणी भरलं असेल, बाई की माणूस, ह्याचं तिला फार कुतूहल वाटायचं. नाव कुठंतरी असेलच लिहिलेलं. वाचणार कोण?

मग खेळ अडला. एक खोली, खिडकीत पाठमोरी बसलेली बाई, बाहेर समुद्र. लतानं यादीतला प्रत्येक शब्द उलटसुलट निवडून पाहिला. बाई काही वळेना. तेव्हा तिनं मॅटीचं कापड घेतलं आणि पडद्यावरची घरं मोजत ती खिडकी आणि ती बाई भरायला घेतली. वर्ष सरलं त्यात. घरात कोणी विचारलं नाही. पूर्ण झालं तेव्हा आईनं हात धुऊन, पुसून मग हात लावला.

आणि तेव्हाच धाकट्या बहिणीला, स्नेहलला सदर बाजारातलं स्थळ आलं. भोसल्यांच्या काळापासून इथं राहिलेलं घराणं, मुलगा मंत्रालयात. पाहायला येणार म्हटल्यावर आपल्याकडं बैठकीत काय टांगतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. मुलीनं भरलेलं काहीतरी. श्यामरावांनी पाठमोरी बाई काच लावून स्नेहलच्या नावानं टांगली. भिंतीपल्याडून लतानं ऐकलं, मुलाची आई गोदावरीबाई म्हणत होत्या, असं काम आमच्या साऱ्या नात्यात नाही. मग त्यांनी विचारलं, भावंडं किती? श्यामराव म्हणाले, दोन. सुशील आणि स्नेहल.

लग्न ठरलं. लग्नात लता घर राखायला राहिली. पाठमोरी बाई नवरीच्या सामानातून सदर बाजारात गेली.

स्नेहलला दिवस गेल्यावर ती एकदा घाबरीघुबरी आली. सासूला दुसरं चित्र हवं होतं.

"ताई, मले तर बटण लावता येत नाही. नाही दिलं तर सारं उघडं पडते."

"करून देतो," लता म्हणाली. "पण डोहाळजेवणाले मले बोलाव. सगळ्यांच्या समोर सांग, ही माही थोरली बहीण."

स्नेहल नखं पाहात बसली. मग "हव" म्हणाली.

लतानं ओलं स्टेशन भरलं. डोळ्यांतून पाणी गळायचं, डोकं ठणकायचं, तरी वेळेत भरलं. बोलावणं खरंच आलं. तिनं सुशीलनं आणलेली पिवळी साडी नेसली आणि ऑटोनं एकटीच गेली. फुलांनी सजवलेल्या झोपाळ्यावर स्नेहल बसली होती. बायकांनी विचारलं, ह्या कोण? स्नेहल बोलली, पण लताकडं न पाहता.

"आमच्या पंडरीच्या घराजवळ राहातात. शिवणकाम करतात."

सगळ्यांना चिनी मातीच्या कपात चहा आला. लताला कागदी कपात. तिनं तो घेतला, संपवला, आणि उठायचं मनात आलं तेवढ्यात गोदावरीबाईंनी तिला आतल्या खोलीत बोलावलं.

"बाई, हे तुमचंच काम ना? घाबरू नका," त्या हळूच म्हणाल्या. "मले पहिल्याच दिवशी समजलं होतं. सूनबाईच्या बोटाले सुईचा एक टोचा नाही. त्यात काय एवढं? माह्या वेळी माह्या नावानं मामीचं काम टांगलं होतं. आता आमच्या लेकीले, निवेदिताले पाहाले लोक येऊन राहिले. तिच्या नावानं एक करून द्या."

लतानं तोंड उघडलं. दारात स्नेहल येऊन उभी होती, गजऱ्यांच्या भारानं मान वाकलेली, एक हात पोटावर. फक्त मान हलवत होती, नाही, नाही.

"देतो करून," लता म्हणाली.

घरी आई फाटकातच उभी होती. तिला अट माहीत होती. "सांगितलं का तिनं?"

"नाही."

"मग तू काहून नाही बोलली?"

"तिच्या पोटात लेकरू आहे, आई. मी बहीण म्हटलं असतं तर तिले घरी पाठवलं असतं त्यांनी." लतानं चपला काढल्या. "सासूनं काम दिलं. पोरीसाठी."

श्यामराव आतून म्हणाले, चांगलं झालं, ह्या निमित्तानं तुझं बहिणीकडं जाणं-येणं राहील.

"हव," लता म्हणाली. "मागच्या गल्लीतून या म्हणाल्या."

आईनं ताट वाढलं. जेवण झाल्यावर लतानं पिवळी साडी घडी घालून ठेवली आणि मागच्या खोलीत जाऊन नवं कापड मोजायला घेतलं.