काकांच्या एका तासाचा भाव

जमीन विकणारा आणि घेणारा, दोघांनीही सौदा झाल्यावर ज्याला आपल्या घरी जेवायला ओढत न्यावं, असा दलाल निजामाच्या अख्ख्या मुलखात एकच होऊन गेला आणि ते माझ्या थोरल्या मावशीचे यजमान होते. आम्ही त्यांना काका म्हणत असू. चाळीस सालानंतर कधीतरी मला कळंबच्या तहतानियात, म्हणजे तेव्हाच्या प्राथमिक शाळेत, हिशेब शिकवायची नोकरी लागली आणि मी मावशीकडेच राहायला गेलो. त्यामुळे हा माणूस मला रोज सकाळ-संध्याकाळ फुकट बघायला मिळाला. दोन्हीकडून शेकडा एक रुपया दलाली घ्यायची, हा त्यांचा धंदा. पण धंद्याची रीत अशी, की दुसरा कुणी तसा वागला असता तर महिनाभरात उपाशी मेला असता. गिऱ्हाईकाला शेत दाखवायचं तर ते भर वैशाखात, टळटळीत दुपारी. पावसाळ्यात कुठलंही शेत देखणंच दिसतं, विहीर खरी कशी आहे ते वैशाखात कळतं, असं त्यांचं म्हणणं. बांधावर उभं राहिलं की आधी शेताच्या खोडी सांगायचे. "हिकडं हरळी लई हाय. त्या कोपऱ्यात खाली मुरूम हाय. वाटंवरनं शेजाऱ्याशी भांडण होणार, ते आताच धरून चाला." शेत विकणारा बिचारा मागं उभा राहून खाकरत असायचा. एवढं ऐकूनही जो थांबेल तोच खरा गिऱ्हाईक, आणि तसे थांबणारे थोडेच. एकेका सौद्याला काकांच्या वहाणेचे तळ जात.

किंमत मात्र त्यांनी उभ्या जन्मात तोंडानं सांगितली नाही. बैलबाजारात उपरण्याखाली हात घालून बोटं दाबत भाव ठरवतात, तसाच ते जमिनीचा ठरवायचे. चारचौघांत आकडा उच्चारला की माणसाचा अहंकार जागा होतो आणि मग तो मागं हटत नाही, असं ते सांगत. ही सवय इतकी अंगात भिनली होती, की भाजीबाजारातसुद्धा वांग्यांच्या ढिगापाशी बसले की त्यांचं उपरणं आपोआप खांद्यावरून खाली यायचं. एका माळणीनं त्यांना एकदा सुनावलं होतं, "दादा, आधी हात भाईर काढा, मग वांगी मागा." माझ्या लग्नाच्या बैठकीत त्यांनी माझ्या होणाऱ्या सासऱ्यांचा हात उपरण्याखाली घेतला, तेव्हा ते गृहस्थ इतके दचकले की मानपानाचं सगळं बोलणं विसरले. त्यात माझा तोटाच झाला, पण काकांवर रागावणं मला कधी जमलं नाही.

तासांचं प्रकरण सुरू झालं ते मोंढ्यातल्या, म्हणजे धान्यबाजारातल्या, एका आडत्यामुळं. त्याला काकांचं अक्षर आणि सचोटी दोन्ही पसंत होती. त्यानं मुनीम म्हणून बोलावलं. महिना पंचवीस रुपये, निजामाच्या हाली नाण्यातले, दिवसाचे दहा तास, गादीवर बसून काम. दिवाळीपर्यंत जागा राखून ठेवतो म्हणाला. मावशीला हे देवानं पाठवल्यासारखं वाटलं. तिच्या संसारात एक महिना तुपाचा आणि तीन महिने तिखट-मिठाचे, असं वर्षानुवर्षं चाललं होतं. काका हसले. त्यांनी नुकताच दोन हजारांचा एक सौदा केला होता. "चाळीस रुपये दलाली. उपरण्याखाली हात किती वेळ होता? चार मिन्टं. म्हंजी तासाला सहाशे. धाराशिवच्या तालुकदारसायबाला, आख्ख्या जिल्ह्याच्या मालकाला, तरी मिळत्यात का?"

त्यांना हे मनापासून पटलेलं होतं, यातच सगळी मौज आहे. बोटं दाबली तेवढंच काम, बाकी सगळं येणं-जाणं, बसणं-बोलणं, अशी त्यांची समजूत. मावशीनं विचारलं, "आन् त्या चार मिन्टांसाठी दीड म्हैना उन्हात कोन हिंडत हुतं?"

काका म्हणाले, "त्ये हिंडनं व्हय. त्ये काम न्हाय."

शेवटी दोघांचं असं ठरलं, की गुढीपाडव्यापासून दिवाळीपर्यंत घराबाहेरचा तास न् तास लिहायचा आणि भागाकार मी करायचा. मुनिमापेक्षा भाव कमी निघाला तर काकांनी मुकाट्यानं गादीवर बसायचं. रुपयाचे सोळा आणे आणि आण्याच्या बारा पै धरून मुनिमाचा तास पडत होता एक आणा चार पै. काकांनी शब्द दिला, आणि त्यांचा शब्द म्हणजे रजिस्ट्री कचेरीतला दस्तच.

त्या सात महिन्यांत काकांनी मला जेरीस आणलं. त्यांनी एक साखळीचं घड्याळ पैदा केलं आणि "राम राम" म्हणताना ते उघडायचं, "येतो" म्हणताना मिटायचं, असा सपाटा लावला. संध्याकाळी माझ्यापुढं खटले यायचे. ढोकीला एकानं जेवायला बसवलं, तो तास धरायचा का? जेवता जेवता विहिरीचं बोलणं झालं, पण शेंगदाण्याची चटणी फार चांगली होती. दोघा भावांचं शेत विकायला गेले आणि चार दिवस बसून त्यांची दिलजमाईच करून आले. सौदा मोडला, दलाली बुडाली. ते तास कुठं टाकायचे? "त्ये लिहू नगं," म्हणाले, "तिथं मला लई बरं वाटलं." मी म्हटलं, काका, बरं वाटलेले तासही धरायचे असतात. त्यांनी घड्याळ उघडून पुन्हा मिटलं. बरं वाटलेले तास धरायचे म्हटलं तर सगळेच धरावे लागतील, असं त्या वेळी बहुधा त्यांच्या ध्यानात आलं.

दिवाळीच्या आदल्या दिवशी मी हिशेब मांडला. दलाली दोनशे रुपये, तास चोवीसशे. भागाकार केला आणि मीच चमकलो. एक आणा चार पै. मुनिमाच्या तासाएवढाच, ना एक पै कमी ना जास्त. कमी निघाला तर जायचं ठरलं होतं, म्हणजे काका सुटले होते. मावशीनं पदरानं तोंड पुसलं आणि उठली. तेवढ्यात काकाच म्हणाले, "थांब. टांगा, पानसुपारी, लोकांचा च्या, ह्ये माझ्याच खिशातनं गेलं की. मुनिमाला कुठं असतंय त्ये?" त्यांनी वेगळ्या कागदावर सगळं टिपून ठेवलं होतं. पन्नास रुपये भरले. तासाचा भाव झाला बरोबर एक आणा. तो कागद त्यांनी दाखवला नसता तर कुणाला कधी कळलंही नसतं. दिवाळीच्या पाडव्याला ते मोंढ्यात गादीवर जाऊन बसले.

दर महिन्याला पंचवीस रुपये घरात येऊ लागले. वरणावर तूप आलं, मावशीला नवं लुगडं आलं. काका वेळेवर जात, वेळेवर येत, जेवत आणि भिंतीला टेकून बसत. कुणाच्या विहिरीची, कुणाच्या भावकीची गोष्ट घरात येईनाशी झाली. शेत विकणारे येत, त्यांना ते नम्रपणे दुसऱ्या दलालाचं नाव सांगत. तक्रार एका शब्दानं केली नाही. मला तर ते घर खायला उठलं होतं.

संक्रांतीनंतर मावशी एके दिवशी माझ्यापुढं येऊन बसली. "तुजा भागाकार चुकला व्हता, आसं त्यास्नी सांग," म्हणाली. मी म्हटलं, मावशी, चुकला नव्हता. "मला ठाऊक हाय. तू सांग. मुनिमापरीस एक पै जास्त निगतो म्हनावं."

मी मोंढ्यात गेलो. भागाकार चुकला होता, मुनिमापेक्षा एक पै जास्त निघतो, असं सांगितलं. काकांनी लेखणी खाली ठेवली. "एकच पै जास्त?" त्यांनी विचारलं. "ही एक पै तू काढलीस का तुझ्या मावशीनं?"

"मावशीनं," मी खरं सांगून टाकलं.

काका हसले. तीन महिन्यांत पहिल्यांदा हसले. "लई काटकसरीची बाई," म्हणाले आणि डोळे पुसत आडत्याला राम राम करायला उठले.

पुढं ती दोघं कितीतरी वर्षं तशीच जगली, एक महिना तुपाचा आणि तीन तिखट-मिठाचे. आता दोघंही नाहीत. मी जन्मभर मुलांना भागाकार शिकवले, चुकलेल्या उत्तरांवर लाल रेघा मारल्या. काकांनी त्या दिवशी माझं उत्तर तपासून पाहायला मागितलं नाही, आणि मावशीनं त्या पंचवीस रुपयांचं नाव पुन्हा कधी काढलं नाही.