कोपऱ्यामागचं ‘नये’

आमच्या पेठेतली शाळेची भिंत रस्तारुंदीत पुढच्या आठवड्यात पडणार आहे. तिच्यावरच्या चित्रांचे फोटो काढत एक मुलगी सकाळपासून उभी होती. वाघ, रॉकेट, चष्मा घातलेली म्हैस, पोरांनी एकावर एक रंगवलेलं सगळं ती टिपत होती.

“काका, हे कुणी लिहिलंय? ‘येथे काही लिहू’! असं आमंत्रण मी कुठल्याच भिंतीवर पाहिलं नाही.”

मी तिला कोपऱ्यापलीकडे नेलं. तिथे ‘नये’ होतं. ती पोट धरून हसली.

ते माझ्या वडिलांचं काम. आबा रंगारी होते, पण त्यांना वाचता येत नव्हतं. कागद बघून अक्षरं काढायचे. आधी लांब रेघ ओढायची, मग दोरीवर कपडे वाळत घालावेत तशी तिला अक्षरं टांगायची. भिंत संपली, तेव्हा उरलेलं त्यांनी वळवलं. कॉलेजात असताना मी मित्रांना या रस्त्याने आणत नसे. आता त्यांच्या हातचं एवढंच उरलंय, आणि वाटतं, ज्याला लिहिता येत नव्हतं त्याने अख्ख्या पेठेला लिहायला जागा दिली. त्यात मीही आलो, घरातला पहिला पदवीधर.

“‘नये’ पण घेऊ ना फोटोत?”

“घ्या की. आबांनी अर्धं काम कधी केलं नाही.”

दोन्ही बाजू दिसतील असा कोपरा तिने धरला. मग वही पुढे केली. “रंगाऱ्याचं नाव लिहा.”

मी आधी रेघ ओढली आणि तिला आबांचं पूर्ण नाव टांगलं. या वेळी जागा पुरली.